वच्छीचं पोहणं

चैत्र शु. ५, शुक्र.

आज पुन्हा तेच. वच्छीला पोहायला शिकवा म्हटलं की घरातले सगळे असं तोंड करतात जसं आत्ताच कोणी मेलं. मेलं तर आहेच. दिनूला जाऊन दोन वर्षं झाली. मळ्यातल्या विहिरीत गेला, पाच वर्षांचा होता. विहीर अजून तशीच उघडी, ना कठडा ना काटेरी कुंपण. हे म्हणतात पुढच्या साली बांधू. गेल्या सालीही पुढच्याच साली बांधणार होते.

उन्हाळा लागला की आमचा अर्धा मुक्काम मळ्यात. वच्छीला आता सहावं लागलं. पोरीच्या पायाला भिंगरी. जन्मभर तिचा परकर धरून बसू का मी? मला स्वतःला पोहता येत नाही. डोणगावला माहेरी नदी होती, पण मास्तरच्या पोरीनं नदीत उतरायचं नाही. भाऊ उतरायचा. मी काठावर त्याचे कपडे राखायची.

सासूला आत्याबाई म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. आत्याची माया काही दिसली नाही अजून. तर त्यांचं म्हणणं असं, पाण्यातल्या साती आसरांनी या घरचं एक लेकरू घेतलं, आता त्यांचा नवस फिटेपर्यंत दुसरं लेकरू गोड्या पाण्यात पाय घालणार नाही. विहीर नाही, नदी नाही, नाला नाही. नवस फिटणार कधी, तर वच्छीच्या लग्नात.

म्हटलं, "त्या घेतात म्हणूनच तर शिकवा म्हणते, आत्याबाई."

"तोंड बंद कर. आसरा ऐकतेत."

ऐकू द्या. मलाही बरंच बोलायचं आहे त्यांच्याशी.

चैत्र शु. ८, सोम.

वच्छीच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज. कोपरावरही. रात्रभर खाजवते. आ.बा. आपणहून म्हणाल्या, "तळ्यात बुडवून आण तिले रोज. खारं पाणी लागलं का खरूज पळते."

मी म्हटलं, पाण्यात? तुम्हीच म्हणता ना...

"ते का गोडं पाणी हाय? त्यात मासा नाई जगत, आसरा कुठून राहतीन? ते कमळजा मायचं पाणी हाय."

डोक्यात जे आलं ते चेहऱ्यावर येऊ नये म्हणून भाकरी थापायला बसले. देवी पावली ती खरजेच्या वाटेनं पावली.

चैत्र शु. ९, मंगळ.

रामजन्म. देवळात सुंठवडा घ्यायला रुखमा आली होती. भोयाची सून, वेशीजवळ लाह्या-फुटाण्यांची भट्टी आहे तिची. माहेर पैनगंगेच्या काठावर, लहानपण सगळं पाण्यात गेलेलं. अन् दिली कुठं, तर लोणारला. ज्या तळ्यात चिंगळीसुद्धा नाही त्या तळ्याच्या गावात. मला ही बाई पहिल्यापासून आपली वाटते.

बाजूला घेऊन विचारलं, वच्छीला शिकवशील का. घरी कळू न देता.

"काऊन? चोरी हाय का? पोरगी बुडाली म्हंजे सारे उघड रडतीन, अन् शिकवाचं लपून?"

फटकळ आहे. बरं वाटलं ऐकून. तिला माझं जांभळं लुगडं द्यायचं ठरवलं, आईनं दिलेलं. ठेवून तरी काय करू, इथं नेसून जायला कुठं नेतं कोण.

चैत्र शु. ११, गुरु.

पहिला दिवस. सकाळी लवकर निघालो, झाडीतून खाली उतरता उतरता वच्छीनं दहादा विचारलं, आलं का. तळ्याचा तो वास. नाक धरून बसली. काठावर सोड्याचा ठेका घेतलेल्याचा शिपाई उभा. "हे तळं सरकारचं हाय बाई, नागपूरच्या सरकारचं. आंग धुवाची परवानगी?" मी म्हटलं, पोरीला खरूज आहे, तीही सरकारजमा करून घ्या. हसला मेला. जाऊ दिलं.

देवीच्या देवळाच्या अलीकडे खडक आहेत, तिथं गाळ कमी. रुखमानं वच्छीचा परकर लंगोटासारखा खोचला, पोटाखाली हात घातला आणि आडवी केली पाण्यावर. वच्छीनं असा टाहो फोडला की शिपाई धावत आला. डोळ्यांत पाणी गेलं, चुरचुरलं, मग आणखी टाहो. मी खडकावर बसून रडू आवरत होते. रुखमा एकच म्हणत होती, "लाथ मार. गाईच्या वासरावानी लाथ मार. तुह्या बापाले मार."

यांना लाथ मारायची म्हटल्यावर पोरगी हसली. मग मारल्या लाथा.

वर येताना वाटेतल्या झऱ्याच्या धारेखाली वच्छीला गोड्या पाण्यानं धुऊन काढलं. धार ही देवाची, तिथं आसरांचं चालत नाही. असं आ.बां.चंच म्हणणं. कुठल्या पाण्यावर कुणाची सत्ता याचा नकाशा त्यांच्या डोक्यात पक्का आहे.

चैत्र शु. १४, रवि.

माझा भाऊ शिकला तेव्हा त्याच्या पाठीला वाळका भोपळा बांधला होता. महिनाभर भोपळ्यावर तरंगत होता, मग एक दिवस बाबांनी सोडून घेतला, तेव्हा दोन गटांगळ्या खाल्ल्या आणि शिकला. मी रुखमाला म्हटलं, भोपळा आणू का घरून, माळ्यावर पडलाय एक.

"कायले? हे पाणीच भोपळा हाय. पाह्य ना कशी वरती ठेवते पोरीले."

खरंच. हात काढला तरी वच्छी खाली जात नाही. पाणी आपलं तिला वर ढकलतं. मी स्वतःही गुडघाभर पाण्यात बसून पाहिलं, अंग हलकं होतं. उगाच घाबरत होतो इतके दिवस.

चैत्र व. २, बुध.

पोहली! पोहली! एका खडकापासून दुसऱ्या खडकापर्यंत, एकटी, मान वर काढून. रुखमा टाळ्या वाजवत होती. मी ओली होऊन तिला मिठी मारली. खारट गाल. दिनूनंतर मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

खरूज पण गेली. आ.बा. सांगत फिरतात, "माह्यानं सांगतलं म्हून गेली." सांगू दे.

चैत्र व. ४, शुक्र.

घात होता होता टळला. दुपारी वच्छी ओसरीवर वाकळेत पालथी पडून हात मारत होती, पाय मारत होती, तोंडानं फूं फूं. आ.बा. दारात उभ्या. कधीच्या पाहत होत्या देव जाणे.

त्या एवढंच म्हणाल्या, "गुडघे नोको वाकवू वं. पाय सरके ठेव." आणि आत गेल्या.

वाकळ फाटते म्हणून बोलल्या असतील. त्यांना माणसापेक्षा वाकळेची काळजी.

चैत्र व. ७, सोम.

रुखमानं आज शेवटचं म्हणून सांगितलं. भट्टीचे दिवस आहेत, लग्नसराई, लाह्यांना उसंत नाही. "तरली तुही पोरगी. आता कुठंबी फेक." जांभळं लुगडं दिलं. तिनं नाकाला लावून वास घेतला आणि म्हणाली, "तुह्या मायचा वास हाय याले." मग दोघी रडलो जराशा. मला आवडली ही बाई, देवाशपथ.

संध्याकाळी यांना सांगितलं. राहवेनाच. यांनी मग वच्छीला जवळ बोलावून तिच्या डोक्यावर हात ठेवला. दिनू गेल्यापासून पोरीला असं जवळ घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "आईले नोको सांगू." एवढंच. हिंमत म्हणून ती एवढीच या माणसाच्या अंगात. पण डोळे ओले होते, ते लिहून ठेवते.

आता विहिरीला कठडा नसला तरी नसो.

चैत्र व. ११, शुक्र.

मळ्यात आलो. ऊन मरणाचं. आखाजीला मेहकरहून धाकट्या जाऊबाईंची दोन पोरं यायची आहेत. आंबे पाडात. विहिरीचं पाणी खाली गेलं आहे तरी आ.बा. म्हणतात दोन पुरुष खोल असेल. रोज सकाळी त्या पायऱ्यांवर बसून तांब्या घासतात. दिनू जिथून गेला त्याच पायऱ्या. मी त्या बाजूला बघत नाही. त्यांना कसं बघवतं?

वैशाख शु. ३, गुरु.

आखाजी. आज नाही लिहवत.

वैशाख शु. ४, शुक्र.

लिहून टाकते. नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी आ.बां.नी मामंजींच्या नावाची घागर भरली. सासरे गेल्या पावसाळ्यात गेले. मी म्हटलं, दिनूच्या नावाचीही भरू का. म्हणाल्या, लेकराच्या नावाची भरत नाहीत. मी भांडले नाही, सण होता.

जेवणं झाली. हे आंब्याखाली आडवे. मी पत्रावळी उचलत होते. जाऊबाईंची पोरं विहिरीत उड्या मारत होती, दोघांनाही येतं. ती मेहकरची, त्यांना हा नवस लागत नाही म्हणे. वच्छी काठावर. मोठा पोट्टा खालून ओरडला, "तू काय पाह्यतं वं? तुले येते का?"

"मले येते. तळ्यात येते मले."

"तळ्यात कोनबी..."

आणि ती पायऱ्यांवरून पळत निघाली.

मी पाहिलं. हे लिहिलंच पाहिजे. मी तिला पळताना पाहिलं, हातात पत्रावळी होती, ओरडले असते तर थांबली असती. मी ओरडले नाही. मी हसले. मनात म्हटलं, पाहा आता सगळ्यांनी.

धप्प आवाज. मी वाट पाहिली डोकं वर यायची. आलं. तोंड उघडं, डोळे उघडे. हात बरोबर रुखमानं शिकवले तसेच मारत होती, मान तशीच वर काढायला बघत होती, आणि पाणी तिला घेतच नव्हतं वर. खाली गेली. पोरं हसत होती, त्यांना वाटलं बुडी मारली. मला पायऱ्या दिसेनात. मी ओरडत होते म्हणे.

आ.बा. खालच्या पायरीवर हात धूत होत्या. त्यांनी पदर खोचला. म्हातारी बाई, साठीला आलेली. सूर मारला. उडी नाही, सूर. दोन हात मारून त्या जागेवर पोचल्या, पाय सरळ, पाणी उडालंसुद्धा नाही. बुडी मारली, केसांना धरून वर काढली, एका हातानं तिला, एका हातानं पाणी, पायरीला आणून टेकवली. पालथी केली. पाठीवर थापट्या. पाणी पडलं, आंब्याचा रस पडला, मग पोरगी रडली.

तेव्हा कुठं हे धावत आले.

वैशाख शु. ५, शनि.

वच्छीला कणकण. कुशीत घेऊन बसले होते तर म्हणाली, "माय, तळ्यातलं पाणी धरते वं. विहिरीतलं सोडून देते." सहावं लागलेल्या पोरीला कळलं. मला चैत्रभर त्या खडकावर बसून नाही कळलं.

खारं पाणी उचलतं. गोडं पाणी उचलत नाही. एवढंच होतं.

दुपारी गावात गेले तशीच, उन्हात, रुखमाच्या भट्टीवर. सगळं सांगितलं. तिच्या हातातला झारा खाली पडला. "मले का मालूम वं माय? आमी नदीत भोपळ्यावर शिकलो. म्या इचार केला हे पाणी चांगलं हाय, भोपळ्याचं काम नाई." मग कपाळ बडवून घ्यायला लागली. मी शिव्या द्यायला गेले होते. दिल्या. मग तिचं तोंड बघून थांबले. गोड्या पाण्यात जाऊ देत नाहीत म्हणून खाऱ्यात शिकवली. खाऱ्यात शिकवली म्हणून गोड्यात बुडाली. शिव्या कोणाला द्यायच्या तेच कळेना, ठिकाण चुकलं.

लुगडं परत द्यायला निघाली होती. म्हटलं, ठेव.

वैशाख शु. ६, रवि.

गावात एकच गोष्ट. देशमुखाच्या म्हातारीनं सूर मारला. बाया बघायला येताहेत जशी काही जत्रा. ओटी भरतात, पाया पडतात. कुलकर्ण्यांची काकू म्हणाली, आसरांच्या हातून हिसकून आणलं हो लेकरू! आ.बा. मान खाली घालून बसतात. मीही पडले पाया. मनापासून पडले. माझी पोरगी त्यांच्यामुळे आहे.

उठताना मात्र एक गोष्ट डोक्यात शिरली ती सकाळपासून निघत नाही. या बाईला पोहता येतं.

वैशाख शु. ६, संध्याकाळी

दिनू गेला त्या दिवशी मी बाहेर बसले होते, शिवायची नव्हते. हे मेहकरला कोर्टात. म्हणून दिनूला आ.बा. आणि मामंजी मळ्यात घेऊन गेले. परत आणला तो धोतरात गुंडाळून. मला त्याला हातही लावू देत नव्हते, मी लावला. तेव्हा सांगितलं होतं, आमच्यादेखत पायऱ्यांवरून पाय घसरला, गडी धावत येईपर्यंत आसरांनी ओढून नेला, आम्हा दोघांना कुठं पोहता येतं. आम्हा दोघांना. हे शब्द मामंजींचे. आत्याबाई शेजारी उभ्या होत्या, भिंतीला धरून, आणि काही बोलल्या नव्हत्या.

दोन वर्षं मी आसरांना शिव्या देते आहे.

वैशाख शु. ८, मंगळ.

यांना विचारलं. तुम्हाला माहीत होतं का, आईला येतं?

"नाई."

मग दिनूच्या वेळी...

"आई तवा लांब असन."

मी म्हटलं, लांब नव्हत्या. पायऱ्यांवर होत्या. त्याच पायऱ्यांवर रोज बसतात.

"आता काय कराचं हाय तुले?" असं म्हणाले आणि बैलांकडे गेले. बैलांना दिवसातून किती वेळा पाणी लागतं या माणसाच्या, कोणी काही विचारलं की लगेच लागतं.

वच्छी अंघोळीला तयार नाही. तांब्याभर पाणी डोक्यावर घेतलं तरी किंचाळते. ओल्या फडक्यानं पुसून काढते तिला. म्हणजे आता विहिरीला कठडा नाही, पोरीला पोहता येत नाही, आणि वर पाण्याची भीती. भेदरलेलं लेकरूच आधी घसरतं. सगळं होतं त्याहून वाईट करून बसले मी.

वैशाख शु. १०, गुरु.

विचारलं.

गोठ्यामागे शेण थापत होत्या. मी पण बसले थापायला. चार गोवऱ्या थापून झाल्या. मग त्याच म्हणाल्या, "इचार. रोज तुह्या तोंडावर दिसून राह्यलं. इचारून टाक."

तर विचारलं. जसं सांगितलं तसंच लिहिते.

"माह्या माहेरी मोठी नदी. बापानं शिकवलं, पाच बहिनी आमी, पाची जनी पव्हाच्या. लग्न झालं तवा पयल्या उन्हाळ्यात ह्याच विहिरीत उतरली. तुह्या मामंजीनं पाह्यलं. म्हनले, देशमुखाच्या घरची बाई मांड्या दाखवत पव्हते का? पुन्हा हे बोलाचंबी नाई कोनापुढे. नाई बोलली. लेकालेबी नाई सांगतलं."

"अन् दिनू?"

शेण थापायचं थांबवलं नाही त्यांनी.

"दोन पाव्हने आलते जमीन पाहाले. अन् तुहे मामंजी. सारे काठावर. दिनू गेला तं मी पदर खोचला. ते म्हनले, थांब! मानसं उभी हायेत. गड्याले हाका मारल्या हायेत. मी थांबली."

"किती वेळ?"

"गडी येईलोक."

"मग आसरा?"

"कोनाचं तरी नाव घ्या लागते ना वं. त्याहिचं घेतलं तं मी राहिली घरात. मालकाचं घेतलं असतं तं कुठं गेली असती? अन् तुही पोरगी पाण्यापाशी आली का माह्या पायातला जीव जाये. म्हून तो नवस. मीच बोलली, मीच पाळला."

मी हात धुतले आणि उठून आले. गोवऱ्या अर्ध्याच राहिल्या.

वैशाख शु. ११, शुक्र.

ऐकून दया यायला पाहिजे होती. नाही आली. खोटं कशाला लिहू.

मामंजी मेले. त्यांच्या मयतीला मी सुतकभर रडले होते, चांगला माणूस म्हणून. ते रडणं मला परत हवं आहे. त्यांच्याशी भांडायचं राहूनच गेलं. ही उरली आहे. हिच्याशी भांडावं तर हिनंच वच्छीला काढली. पाया पडावं तर दिनू.

अन् मी? मी पत्रावळी धरून हसत उभी होते. मला तर कुणी थांब म्हटलं नव्हतं.

वैशाख शु. १३, रवि.

यांनी विहिरीला कठडा बांधायला दगड आणायला सांगितले म्हणे. गवंडी पुढच्या महिन्यात. बघू.

वैशाख पौर्णिमा, मंगळ.

आ.बां.नी सकाळी पायऱ्यांवर हळद-कुंकू वाहिलं, हिरवा खण ठेवला, आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आसराहो, नवस फिटला. आता पोरगी पाण्यात उतरन." हे बघतच राहिले. पुरोहित नाही, मुहूर्त नाही. लग्नात फिटणार होता तो एका खणात फिटला. मनात आलं, इतकं सोपं होतं तर!

मग माझ्याकडे न बघता: "म्या शिकवीन तिले. गोड्या पाण्यात. तू म्हनशील तं."

मी चूल पेटवायला गेले.

वैशाख व. २, गुरु.

वच्छीच गेली त्यांच्याकडे. माझ्यासमोर. म्हणाली, "आजी, मले पाण्यात न्या, पन केस नोका धरू." मला नाही विचारलं. माझ्याबरोबर अंघोळीला किंचाळते आणि त्यांच्याबरोबर विहिरीत उतरायला तयार. तिच्या लेखी तो हात तिला वर काढणारा आहे. माझ्या लेखी कोणता, ते मी तिला सांगायचं का? एवढ्याशा पोरीला? जन्मभर नाही सांगणार. हे एक ओझं माझ्याच पदरात बांधून दिलं या घरानं.

उतरू दिलं. पायरीवर बसवून नुसतं पाणी उडवत होत्या. वच्छी हसली.

वैशाख व. ३, शुक्र.

पायरीला धरून लाथा. आ.बा. कमरेइतक्या पाण्यात, लुगड्याचा काष्टा घट्ट, पांढरे केस ओले. विहिरीवर हे आले, गडी आला. म्हातारी बाजूला झाली नाही, पदर घेतला नाही. गड्याला म्हणाली, "काय पाह्यतं बे? मोट सोड." मला त्या क्षणी ती आवडली आणि आवडली याचा राग आला. हे जर आता येतं तर तेव्हा काऊन नाही आलं, ए बाई? कोणासाठी राखून ठेवलं होतं?

मोठ्यानं नाही विचारलं. एकदा विचारून झालं आहे, उत्तरही मिळालं आहे, दुसरं उत्तर तिच्याकडे नाही.

वैशाख व. ५, रवि.

काल आणि आज दोन्ही दिवस सारखंच झालं.

सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही तिघी विहिरीवर. मी वरून तिसऱ्या पायरीवर बसते, त्याच्या खाली माझ्यानं जाववत नाही. आ.बा. वच्छीला पायरीपासून आत नेतात, खोल पाण्यात, स्वतः पाय मारत उभ्या राहतात. एक हात तिच्या पोटाखाली, एक हनुवटीखाली. "सरके पाय. सरके. हे पाणी तुले फुकट नाई धरनार, तुलेच मेहनत करा लागते." वच्छी दात आवळून हात मारते. पोटाखालचा हात काढला. थोडी खाली जाते, पुन्हा वर येते, नाकात पाणी जातं, शिंकते, पण रडत नाही. हनुवटीखालचा राहिला, तोही नुसता टेकवलेला.

मग त्या वर माझ्याकडे बघतात. "सोडू का वं?"

या बाईनं आजवर घरातलं मीठसुद्धा मला विचारून टाकलं नाही. आता विचारते. पाण्यात उभी राहून, मान वर करून, माझ्या तोंडाकडे बघत थांबते. मी म्हणेपर्यंत सोडणार नाही, मी म्हटलं तर सोडेल. दिनूच्या वेळी काठावरून एका माणसानं थांब म्हटलं आणि ही थांबली. आता काठावर मी आहे.

तो हात काढा म्हणायचं असतं आणि तो हात तिथं आहे म्हणून बरं वाटतं, दोन्ही एकाच वेळी. मला त्या हाताचा इतका राग आहे.

वच्छी पाण्यातून ओरडते, "म्हन ना वं माय! सोड म्हन!"

मी काल नका म्हटलं. आज पण नका म्हटलं. त्यांनी मुकाट्यानं पोरगी पायरीवर आणून दिली आणि लुगडं पिळत बसल्या. वच्छी माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

उद्या पुन्हा विचारतील.